उपचार जायज (धर्माप्रमाणे चालणारा) आहे का, हे विचारायची पद्धत: आधी डॉक्टर, मग मुफ्तीसाहेब, मग परत डॉक्टर

अब्बांच्या पायात रक्ताची गुठळी झाली तेव्हा मी घाईघाईत मुफ्तीसाहेबांना, म्हणजे शरीयतचा निर्णय सांगणाऱ्या जाणकारांना, फोन लावला आणि विचारलं, "डुकरापासून बनवलेलं इंजेक्शन घेणं जायज आहे का?" ते म्हणाले, नाही, दुसरं काही बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदावर सगळं लिहून नेलं, म्हणजे गुठळी कुठे आहे, ती सुटून फुप्फुसात गेली तर काय होतं, सिंथेटिक इंजेक्शन अब्बांच्या किडनीमुळे का चालत नाही, गोळ्या आहेत पण त्यांचा असर यायला पाच-सहा दिवस का लागतात, आणि हे इंजेक्शन साधारण किती दिवस घ्यायचंय. मुफ्तीसाहेब तेच, इंजेक्शन तेच, आणि उत्तर आलं, "लगेच द्या, आणि हे काल का नाही सांगितलं?"

एक रात्र फुकट गेली. काही झालं नाही हे नशीब.

तेव्हापासून ओळखीतले लोक मला असले प्रश्न विचारत असतात आणि मी बघतोय की दहातले आठ जण तीच चूक करतात, अर्धा प्रश्न घेऊन आधी मौलानांकडे जातात, मग ते उत्तर घेऊन डॉक्टरशी भांडतात. म्हणून हे क्रमवार लिहितोय. मी मुफ्ती नाही, डॉक्टरही नाही, त्यामुळे इथे फतवा मिळणार नाही, प्रश्न नीट कसा न्यायचा तेवढं मिळेल.

टप्पा १: आधी घड्याळ बघा

पहिला प्रश्न जायज-नाजायजचा नाहीच, वेळ किती आहे हा आहे. डॉक्टरला सरळ विचारा, "आत्ता निर्णय नाही घेतला तर काय होईल, आणि किती वेळात होईल?" उत्तर मिनिटांत किंवा तासांत असेल तर पुढचे सगळे टप्पे सोडा, उपचार सुरू होऊ द्या. अपघात, हार्ट अटॅक, स्ट्रोक, बाळंतपणातला रक्तस्राव, श्वास अडकणं, यात कुणाला फोन लावत बसायचं नसतं. इस्लामी सहकार्य संघटनेची जी फिकह (इस्लामी धर्मकायदा) अकादमी जेद्दाहला आहे तिने १९९२ च्या ठरावात स्पष्ट म्हटलंय की जीव धोक्यात असलेल्या इमर्जन्सीत उपचार कुणाच्या परवानगीवर अडून राहत नाही. त्याच ठरावात असंही आहे की उपचार न केल्याने जीव किंवा अवयव जाणार असेल, अपंगत्व येणार असेल किंवा रोग दुसऱ्याला लागणार असेल तर उपचार घेणं वाजिब (बंधनकारक) होतं, बाकी वेळी दर्जा खाली येतो, काही ठिकाणी फक्त मुबाह (घेतला तरी चालतो, नाही घेतला तरी). म्हणजे "इलाज करायचा की अल्लाहवर सोडायचं" हा एकच एक प्रश्न नाहीये, आजारानुसार त्याचं उत्तर बदलतं.

रक्त चढवण्यावरून अजूनही काही घरांत वाद होतात. गरज असेल तर रक्त घेणं-देणं चालतं असंच आजचे बहुतेक सगळे आलिम (धर्माचे जाणकार) सांगतात, आक्षेप आहे तो विकण्यावर. त्यासाठी ऑपरेशन थांबवू नका.

थांबा: घाबरलेल्या घरात प्रत्येक गोष्ट इमर्जन्सी वाटते आणि ढिल्या घरात कुठलीच वाटत नाही. म्हणून वेळेचा आकडा डॉक्टरकडून घ्या, स्वतःच्या अंदाजाने ठरवू नका.

टप्पा २: डॉक्टरकडून या गोष्टी लिहून घ्या

वेळ आहे असं कळलं की वही घ्या. मोबाइलमध्येही चालेल, पण लिहा, डोक्यात ठेवू नका, कारण दोन तासांनी "थोडा धोका आहे" चं "डॉक्टरांनी हात टेकले" होतं आणि मुफ्तीसाहेबांपर्यंत पोचेस्तोवर पेशंट वारलेलाच असतो.

१. आजाराचं नाव काय, आणि ते पक्कं झालंय की अजून शंका आहे.
२. काहीच केलं नाही तर काय होईल, किती खात्रीने.
३. सुचवलेल्या उपचाराने फायदा होण्याची शक्यता किती. जीव वाचणार, त्रास कमी होणार की नुसता प्रयत्न आहे?
४. दुसरे पर्याय कुठले, आणि प्रत्येकात काय कमी आहे.
५. ज्या गोष्टीवर शंका आहे ती नेमकी काय. कुठला घटक, कुठली प्रक्रिया, शरीराचा कुठला भाग उघडावा लागणार.
६. किती दिवस किंवा किती वेळा.
७. हे पेशंटला स्वतःला माहितेय का, आणि त्याचं म्हणणं काय.

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा राहतो आणि सगळ्यात जास्त महत्त्वाचा तोच आहे. फिकहमध्ये मजबुरी, म्हणजे जरूरत, तेव्हाच धरली जाते जेव्हा हलाल पर्याय नसतो, किंवा असून तो पुरेसा पडत नाही. कुरआनातल्या सूरह बकरातल्या १७३ व्या आयतीत हराम खाण्याची मोकळीक त्यालाच आहे जो खरोखर अडलेला आहे आणि हद्द ओलांडत नाही. तर तुम्ही अडलेले आहात का हे कोण सांगणार? मौलाना नाही सांगू शकत. ते डॉक्टरच सांगू शकतो.

आणखी एक. डॉक्टरची माहिती आणि डॉक्टरचं मत वेगळं काढा. "रोजा ठेवला तर शुगर रात्रीपर्यंत खूप खाली जाऊ शकते" ही माहिती झाली. "आजकाल कोण रोजे ठेवतं" हे मत, ते वहीत नको. उलटही होतं, एखादा धार्मिक डॉक्टर स्वतःच फतवा देऊन टाकतो, तोही वहीत नको. जुन्या किताबांत मुसलमान आणि नेक तबीबाची अट दिसते, पण आज बरेच आलिम डॉक्टर कुशल आणि भरवशाचा आहे का एवढंच बघतात. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, त्यात काही गैर नाही, फक्त ते मुफ्तीसाहेबांकडे जायच्या आधी घ्या.

तपासा: सातही गोष्टींपुढे काहीतरी लिहिलंय का? एखाद्यापुढे "माहीत नाही" असेल तर चालेल, "विचारलंच नाही" असेल तर परत जा.

टप्पा ३: प्रश्न कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा

प्रकार चुकला की माहितीही चुकीची गोळा होते. इथे जरा वेळ घालवू.

औषधात काय आहे

सगळ्यात जास्त अफवा इथेच. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, ते गायी-म्हशीचं असू शकतं, डुकराचं असू शकतं, आणि वनस्पतीपासूनच्या कवचाच्या कॅप्सूलही मिळतात. आधी कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, फार्मासिस्टला विचारा, तेच औषध गोळीत किंवा सिरपमध्ये येतं का बघा. निम्मे मसले (धर्माचे प्रश्न) इथेच संपतात, मुफ्तीसाहेबांपर्यंत जायची गरजच पडत नाही. इन्सुलिनबद्दल जुनी भीती अजून फिरते, पण आज वापरलं जाणारं इन्सुलिन बहुतेक सगळं जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करून घेतलेलं मानवी प्रकारचं असतं, डुकराच्या स्वादुपिंडातून काढायचे दिवस मागे पडले.

गुठळीवर देतात ते हेपरिन मात्र खरंच डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं, आणि एनोक्सापॅरिन हेपरिनपासूनच. फोंडापॅरिनक्स पूर्ण सिंथेटिक आहे पण किडनी फार खराब असेल तर देत नाहीत. स्वादुपिंड नीट काम करत नसलेल्यांना जी एन्झाइमची कॅप्सूल देतात ती व्यवहारात डुकरापासूनचीच मिळते, तिथे पर्याय शोधण्यात आठवडे घालवू नका. हृदयाच्या झडपेचं उदाहरण तर लोकांना पर्याय म्हणजे काय ते समजवायला मी नेहमी देतो. डुकराची झडप असते, गायीच्या हृदयावरच्या पडद्यापासून केलेली असते, आणि धातू-कार्बनची असते. कुणी म्हणेल मग प्रश्नच कुठे आहे, धातूची घ्या. पण धातूच्या झडपेला जन्मभर रक्त पातळ करायची गोळी लागते, आणि मूल हवं असलेल्या बाईसाठी ती गोळी पोटातल्या बाळाला धोक्याची आहे. म्हणजे तिच्यासाठी खरा प्रश्न गायीची की डुकराची एवढाच उरतो, आणि तो बऱ्याचदा सोपा असतो.

फिकहमध्ये इथे इस्तिहाला हा शब्द कानावर येईल, म्हणजे एखाद्या वस्तूचं मूळ रूप पूर्ण बदलून ती वेगळीच वस्तू होणं. सुन्नींच्या चार पंथांपैकी हनफी आणि मालिकी हे जास्त मोकळेपणाने मानतात, शाफई आणि हंबली कमी. पण जिलेटिन खरंच इतकं बदलतं का यावर हनफी आलिमांमध्येही एकमत नाही, तेव्हा "इस्तिहाला झालं, विषय संपला" असं स्वतःच ठरवू नका.

चूक: अफवा ऐकून चालू औषध बंद करणं. बीपीची, फिट्सची, रक्त पातळ करायची गोळी एकदम सोडली तर काय होतं ते डॉक्टरला विचारा. उत्तर येईपर्यंत औषध चालू राहील, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

रोजा आणि नमाज

रमजानचा प्रश्न रमजानच्या आदल्या रात्री विचारायचा नसतो. मधुमेहासाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि डार (मधुमेह आणि रमजान यावर काम करणारी संघटना) यांनी मिळून केलेल्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत तपासणी सहा ते आठ आठवडे आधी करायला सांगितलीय. त्यात गुण मोजतात, ० ते ३ कमी धोका, ३.५ ते ६ मध्यम, ६ च्या वर जास्त. डॉक्टरला विचारा, "माझे गुण किती?" हा आकडा मुफ्तीसाहेबांकडे नेला की "शुगर आहे, रोजा ठेवू का" हा गोल प्रश्न नेमका होतो. रोज्यात शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हेही त्याच मार्गदर्शिकेत आहे. बोटातून रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, तरी लोक त्या भीतीने महिनाभर मशीनला हात लावत नाहीत आणि मग संध्याकाळी चक्कर येऊन पडतात.

रोज्यात काय चालतं यावर जेद्दाह अकादमीचा १९९७ चा ठराव आहे. डोळ्यातले-कानातले थेंब, ऑक्सिजन, तपासणीसाठी रक्त काढणं, पोषण न देणारी इंजेक्शनं, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी (घशात गेलेलं गिळलं नाही तर) याने रोजा तुटत नाही असं त्यात म्हटलंय. इन्सुलिनचं इंजेक्शन याच यादीत बसतं. पण मतभेद आहेत, आणि ते माहीत असलेले बरे. दम्याच्या इन्हेलरने रोजा तुटतो असं आपल्याकडच्या बऱ्याच हनफी मुफ्तींचं म्हणणं आहे, आणि शिरेतून पोषण देणाऱ्या सलाइनबद्दल उलटं, तिथे काही हनफी आलिम रोजा राहतो म्हणतात आणि अकादमीच्या यादीत तिला सूट नाही. म्हणून आपण कुठल्या मसलकचे (पंथाचे) ते प्रश्नात लिहायचं.

दोन चुका अगदी नेहमीच्या. एक, बरा होणाऱ्या आजारासाठी फिदया (रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण) देऊन मोकळं होणं, तर सूरह बकरातल्या १८४-१८५ आयतींत आजाऱ्याला नंतरच्या दिवसांत रोजे भरून काढायला सांगितलंय, फिदया त्याच्यासाठी ज्याला बरं होण्याची आशा नाही. तेव्हा "हा आजार जाईल का" हेही डॉक्टरला विचारून ठेवा. दुसरी चूक म्हणजे रोजा ठेवता यावा म्हणून सकाळची गोळी आपणच रात्रीत ढकलणं. काही गोळ्यांना चालतं, काहींना नाही, आणि कुठल्या कुठे ते तुम्हाला-मला माहीत नाही.

नमाजचं पटकन सांगतो. प्लास्टर असेल तर त्यावरून मसह (ओला हात फिरवणं), पाणी बाधणार असेल तर तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने शुद्धी), उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून इशाऱ्याने. कॅथेटर किंवा पोटावर पिशवी असलेल्या माणसाला माजूर (सवलतीला पात्र) धरतात, त्याचे नियम वेगळे, ते एकदा नीट विचारून घ्या. लांब ऑपरेशन असेल तर दोन नमाजा एकत्र करण्याची सवलत इतर काही मसलकांत मिळते. हनफींमध्ये ती तशी नाही, पहिली नमाज तिच्या वेळेच्या अगदी शेवटी आणि दुसरी लागलीच तिची वेळ सुरू होताना, असं करतात. म्हणून ऑपरेशनची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवायची.

परपुरुष-परस्त्री डॉक्टर

बाळंतपणाच्या टेबलावर लेडी डॉक्टर मागायची नसते. पहिल्या अपॉइंटमेंटला मागायची, आणि रात्री ड्युटीवर कोण असतं तेही विचारायचं. अकादमीच्या १९९३ च्या ठरावात क्रम दिलाय: बाईसाठी आधी मुसलमान लेडी डॉक्टर, मग भरवशाची इतर धर्मीय लेडी डॉक्टर, मग मुसलमान पुरुष, मग इतर धर्मीय पुरुष, आणि गरजेपुरताच भाग उघडायचा, नवरा, महरम (ज्याच्याशी निकाह होऊच शकत नाही असा जवळचा नातलग) किंवा विश्वासातली बाई सोबत असावी. क्रम आहे म्हणजेच खालच्या पायरीला बंदी नाही, हे लक्षात घ्या. टप्पा १ लागू झाला तर हा प्रश्न उरतच नाही.

मूल होणं, मूल न ठेवणं

टेस्ट ट्यूब बेबीवर सुन्नी आलिमांचं बहुमत सरळ आहे. नवऱ्याचं बीज, बायकोचं बीज, तिचंच गर्भाशय, आणि निकाह टिकून असताना. तिसरं माणूस मध्ये आलं की नाही. अल-अझहरकडून १९८० मध्ये आलेली भूमिका आणि अकादमीचा १९८६ चा ठराव याच वाटेचे. शिया आलिमांमध्ये वेगळी मतं आहेत, इराणच्या खामेनींनी १९९९ मध्ये दात्याच्या बीजाला अटींसह परवानगी दिली होती. इंटरनेटवर दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी सापडतात आणि लोक हवं ते उचलतात.

क्लिनिकला विचारायचं राहून जातं ते हे: नमुन्यांवर नाव कसं लावता, अदलाबदल होऊ नये म्हणून काय करता, उरलेले भ्रूण कुठे ठेवता आणि तलाक किंवा मृत्यू झाला तर त्यांचं काय. मुफ्तीसाहेब हेच विचारणार.

गर्भपाताच्या प्रश्नात एक हिशेबाची चूक मी इतक्या वेळा बघितलीय की ती वेगळी सांगतो. फिकहमध्ये १२० दिवसांची हद्द येते, काही आलिम ४० दिवस धरतात, आणि हे दिवस गर्भ राहिल्यापासून मोजतात. डॉक्टर आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. दोन्हीत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. म्हणजे १२० दिवस म्हणजे रिपोर्टवरचे साधारण १९ आठवडे, १७ नाही. ४० दिवस म्हणजे रिपोर्टवर साडेसात-पावणेआठ आठवडे. प्रश्नात दोन्ही आकडे लिहा आणि कुठला कुठून मोजलाय तेही लिहा. १२० दिवसांच्या आत असलं म्हणजे आपोआप जायज असंही नाही, कारण लागतंच, आणि आईचा जीव धोक्यात असेल तर हद्दीनंतरही तिचा जीव आधी धरतात. देशाचा कायदा वेगळा, त्याची मुदत वेगळी, फतव्याने तो बदलत नाही.

व्हेंटिलेटर, शेवटचे दिवस, अवयवदान

इथे शब्द चुकला तर सगळंच चुकतं. कोमा वेगळा, डोळे उघडे पण भान नाही अशी दीर्घ अवस्था वेगळी, आणि ब्रेन डेथ वेगळी. घरचे तिन्हींना "कोमात गेलेत" म्हणतात. डॉक्टरकडून नेमका शब्द कागदावर घ्या, ब्रेन डेथ म्हणत असतील तर कुठल्या तपासण्या किती वेळा झाल्या आणि कुणी केल्या तेही घ्या.

जेद्दाह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानच्या बैठकीत ठरवलं की मेंदूची सगळी कामं कायमची थांबली आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी ते परत येणार नाही असा निर्णय दिला तर माणूस मयत धरता येतो आणि मशीन काढता येतं, हृदय मशीनच्या जोरावर चालू असलं तरी. मक्केच्या फिकह कौन्सिलने १९८७ मध्ये मशीन काढायला हरकत नाही म्हटलं, पण मयत मात्र श्वास आणि हृदय पूर्ण थांबल्यावरच धरायचं. दिसायला बारीक फरक, पण वारसाहक्क, इद्दत (विधवेने पाळायची मुदत) आणि अवयवदान तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. अवयवदानाला अकादमीने १९८८ मध्ये अटींसह परवानगी दिलीय, विक्रीला नाही, आणि मयताचे अवयव द्यायला आजही नकार देणारे आलिम आहेतच.

ब्रेन डेथ नाही पण आशाही नाही, अशा वेळी हृदय थांबलं तर छाती दाबून परत चालू करायचं का, हा वेगळा प्रश्न. सौदीच्या फतवा समितीने १९८८ च्या सुमारास तीन भरवशाच्या तज्ज्ञ डॉक्टरांचं एकमत असेल तर तसं न करायची मोकळीक दिली. म्हणून तिघांचं मत आधीच घ्या. अन्न-पाणी बंद करणं हे मशीनसारखं धरत नाहीत, ते एकत्र विचारू नका. मॉर्फिनबद्दलही घाबरू नका, वेदना कमी करायला, डॉक्टरने ठरवलेल्या डोसात दिलेलं औषध आणि जीव घ्यायला दिलेलं औषध यात हेतूचा फरक आहे. जीव घेण्यासाठी इंजेक्शन देणं मात्र हराम, त्यात मतभेद नाही.

टप्पा ४: प्रश्न लिहून काढा

चुकीचा प्रश्न: "आईचं व्हेंटिलेटर काढणं खून होईल का?"

बरा प्रश्न: "आई, वय ७१. मेंदूत रक्तस्राव, १२ दिवस व्हेंटिलेटरवर. दोन न्यूरॉलॉजिस्टच्या मते मेंदूचा मोठा भाग गेलाय पण ब्रेन डेथ नाही. शुद्धीवर येण्याची शक्यता जवळजवळ नाही असं दोघंही म्हणतात. आईने शुद्धीत असताना याबद्दल काही सांगितलं नव्हतं. डॉक्टर विचारतायत की हृदय थांबलं तर परत चालू करायचा प्रयत्न करायचा का. आम्ही हनफी आहोत. प्रश्न फक्त एवढाच आहे, व्हेंटिलेटर काढण्याचा आत्ता विषय नाही."

शेवटचं वाक्य बघा. एका वेळी एकच प्रश्न, आणि काय विचारत नाही आहोत तेही. पेशंटचं नाव लिहायची गरज नसते. आजार ही अमानत (विश्वासाने सोपवलेली गोष्ट) आहे, मोहल्ल्यात वाटायची गोष्ट नाही.

टप्पा ५: कुणाला विचारायचं

प्रत्येक इमामसाहेब मुफ्ती नसतात, आणि ते स्वतः हे मोकळेपणाने सांगतात, आपणच ऐकत नाही. इफ्ताचं (फतवा देण्याचं) शिक्षण घेतलेले, वैद्यकीय मसले हाताळलेले मुफ्ती किंवा दारुल इफ्ता (फतवा देणारं कार्यालय) शोधा. चांगल्या मुफ्तीची एक खूण म्हणजे ते उत्तराआधी तुम्हालाच चार प्रश्न विचारतात.

अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली, मग त्याच्यावर गुस्ल (शुद्धीची आंघोळ) वाजिब झाला, त्याने सोबत्यांना विचारलं की मला तयम्मुमची सवलत आहे का. ते म्हणाले, पाणी आहे ना, मग नाही. त्याने आंघोळ केली आणि तो मेला. हुजूर (पैगंबर) सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, यांनी त्याला मारलं, माहीत नव्हतं तर विचारलं का नाही. सोबत्यांचा हेतू वाईट नव्हता. वॉर्डाबाहेर बाकावर बसून मसले सांगणाऱ्या आपल्या चुलत्या-मामांचाही नसतो.

चूक: तीन मुफ्तींना विचारून सगळ्यात सोपं उत्तर घेणं. दुसऱ्याचं मत घ्यायचंच असेल तर पहिलं उत्तर लपवू नका, तेही कागदावर दाखवा.

टप्पा ६: उत्तर ऐकताना

"जायज आहे" एवढं ऐकून उठू नका. विचारा, कुठल्या अटीवर? किती दिवस? पर्याय मिळाला तर बदलायचं का? ही सवलत आहे की हुकूम, म्हणजे पेशंटने नको म्हटलं तर तो गुन्हेगार ठरतो का? शक्यतो लेखी घ्या, नाहीतर व्हॉइस मेसेज तरी. तोंडी उत्तर घरी पोचेपर्यंत प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे वळतं.

तपासा: मुफ्तीसाहेबांनी वैद्यकीय गोष्ट गृहीत धरलीय का? "हे औषध नसलं तरी चालतं" असं त्यांनी म्हटलं असेल तर ते वाक्य वेगळं लिहून डॉक्टरला दाखवा.

टप्पा ७: परत डॉक्टरकडे, आणि पेशंटकडे

डॉक्टरसमोर फतवा फडकवू नका. सांगा, "आम्हाला हे चालेल, हे शक्य असेल तर टाळायचंय, आणि हे अजिबात नको, यात काय बसतं?" असं विचारलं की बहुतेक डॉक्टर मार्ग काढतात. दुखावलेला डॉक्टर मात्र "तुम्ही सही करा आणि घेऊन जा" म्हणतो, मी तेही बघितलंय.

आणि ज्याचं शरीर आहे त्याला विचारलं का? १९९२ च्या त्याच ठरावात आहे की पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर परवानगी त्याचीच, वली (पालक) मधे येतो तो पेशंट परवानगी द्यायच्या स्थितीत नसेल तेव्हा, आणि वलीला पेशंटचं उघड नुकसान होईल असा नकार देता येत नाही. बायका शुद्धीवर असताना त्यांच्या ऑपरेशनचा निर्णय बाहेर दीर आणि सासरे घेतायत, हे दृश्य शरीयतच्या नावावर खपवू नका. तोच हिशेब आजार लपवण्याला. "अम्मीला कॅन्सर सांगू नका" म्हणताना तिला वसियत करायची असेल, कुणाची माफी मागायची असेल, हे कोण बघणार?

कागद फाइलमध्ये ठेवा, कारण मजबुरी जेवढी तेवढीच मोकळीक, आणि मजबुरी रोज बदलते. रिपोर्ट बदलला, पर्याय मिळाला, डोस बदलला की प्रश्न नवा. अब्बांचं इंजेक्शन आठव्या दिवशी बंद झालं, रक्ताचा रिपोर्ट हव्या त्या आकड्यावर आला होता आणि गोळी पुरेशी होती. नर्स उरलेल्या सिरिंज परत न्यायला आली तेव्हा मी कागदावर मुफ्तीसाहेबांच्या उत्तराखाली तारीख टाकली आणि लिहिलं, सवलत इथे संपली.